न पेटलेला लाल दिवा

आज सकाळी वडिलांची १९९६ सालची गाडी सुरू होईना, तेव्हा माझा पहिला संशय बॅटरीवर गेला. ती जेमतेम वर्षभराची आहे, हे ठाऊक असूनही. धक्का मारून गाडी सुरू केली आणि बॅटरीच्या टर्मिनलला मल्टिमीटर लावला, तर जिथे १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवे होते, तिथे आकडा १२.१ वरून हलेना. अल्टरनेटरला, म्हणजे इंजिनच्या जोरावर वीज तयार करून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राला, फिरवणारा पट्टा घट्ट होता. अल्टरनेटर उतरवण्याच्या बेतात असतानाच लक्षात आले, की किल्ली फिरवल्यावर डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा मुळी पेटतच नव्हता. या काळातल्या बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटरच्या फील्ड कॉइलला (आत चुंबकीय क्षेत्र तयार करणाऱ्या तारेच्या वेटोळ्याला) सुरुवातीचा प्रवाह याच बल्बमधून मिळतो, त्यामुळे बल्ब उडाला की चार्जिंगही अडते आणि इशारा देणाराही उरत नाही. (दिवा दिसत नाही म्हणजे सारे ठीक, असे मी इतके दिवस समजत होतो!) डॅशबोर्डवरच्या मीटरचा कप्पा उघडला, तर बल्बची काच काळवंडलेली आणि आतली तार तुटलेली. तेवढ्याच वॅटचा साधा बल्ब बसवला. एलईडी मुद्दाम टाळला, कारण त्यातून पुरेसा प्रवाह जात नाही. किल्ली फिरवताच दिवा पेटला, इंजिन सुरू होताच विझला, आणि मल्टिमीटरवर १४.२ आले.