तळ्यावरचे किरण: पट्टे अखेर गेले, धुके बाकी

मागच्या नोंदीत सोलापूरच्या तळ्यातील सिद्धेश्वर मंदिराच्या पहाटेच्या छायाचित्रावर संगणकात सूर्यकिरण चढवून झाल्याचे मी मोठ्या उत्साहाने लिहिले होते. बारा बाय अठरा इंची प्रिंट हाती आली आणि तो उत्साह मावळला. शिखरामागून निघालेले किरण आकाशात विरण्याऐवजी पायरीपायरीने तुटत गेले होते. पट्टे सोलापुरी चादरीवर शोभतात, पहाटेच्या आकाशात नाही.

दोष छपाईचाच असणार, असे धरून मी दुकानदाराशी हुज्जत घातली आणि दुसऱ्या कागदावर पुन्हा पैसे घालवले. नंतर घरी गिंप या छायाचित्र-संपादनाच्या प्रणालीत किरणांच्या लेअरचा (चित्रावर ठेवलेल्या वेगळ्या थराचा) हिस्टोग्राम, म्हणजे कोणत्या छटेचे किती ठिपके आहेत याचा आलेख, पाहिला, तेव्हा चूक माझीच निघाली. थ्रेशोल्डने (ठरावीक उजेडाच्या वरचे तेवढेच ठेवणाऱ्या साधनाने) वेगळे काढलेले तेजस्वी ठिपके झूम मोशन ब्लरने एका केंद्रापासून बाहेर ताणले की त्यांचा उजेड पसरतो आणि फार मंद होतो. आठ बिटांच्या २५६ छटांपैकी माझ्या किरणांच्या वाट्याला जेमतेम तीस-पस्तीस आल्या होत्या आणि कर्व्ह्ज (उजेड कमी-जास्त करणारी वक्ररेषा) वर ओढून त्याच मी साऱ्या पल्ल्यावर ताणून बसवल्या होत्या. मधल्या छटा येणार कुठून?

म्हणून फाइल १६ बिटांवर, म्हणजे ६५,५३६ छटांवर नेली, तरी पट्टे जागचे हलले नाहीत. दोन संध्याकाळी यात गेल्यावर लक्षात आले की ब्लर आधीच आठ बिटांत झालेला होता आणि नंतर भांडे मोठे केल्याने सांडलेले परत येत नाही. थ्रेशोल्डपासून सगळे काम १६ बिटांत नव्याने केले, लेअर खालचे चित्र फक्त उजळवणाऱ्या स्क्रीन मोडवर ठेवला आणि किरण मोकळे झाले. कळसाच्या कडेवरून निघालेला एक किरण आता डावीकडे इतका अलगद विरतो की तो नेमका कुठे संपतो, हे मलाही बोट ठेवून दाखवता येत नाही. त्या रात्री मी ती फाइल उगीचच चार वेळा उघडून पाहिली.

जेपेग काढताना पुसटसे पट्टे पुन्हा डोकावले. त्यावर किरणांच्या लेअरवर अगदी हलका नॉइज (विस्कळीत ठिपक्यांचा दाणेदारपणा) टाकला, आठ बिटांत रूपांतर करताना डिदरिंग (छटांच्या सीमेवर ठिपके मिसळून पायरी लपवणे) चालू ठेवले आणि क्वालिटी ८० वरून ९५ केली, कारण ८० वर तो बारीक नॉइजच पुसला जात होता.

तयार किरणांचे ठसे उमटवणारे ब्रश वापरण्याचा सल्ला काहींनी दिला होता. तो मला पटत नाही. सूर्यकिरण मुळात जवळजवळ समांतर असतात, दृष्टिभ्रमाने सूर्यापाशी एकवटलेले दिसतात. त्यामुळे ब्लरचे केंद्र सूर्यावरच हवे आणि ब्रशला सूर्य कुठे आहे याचा पत्ता नसतो. चित्रात ताऱ्याचा झगमगाट काढणारा सुपरनोव्हा फिल्टर तर वाढदिवसाच्या फलकांनाच लखलाभ असो.

पुढची पाळी सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेतील नंदीध्वजांची (मिरवणुकीतल्या उंच काठ्यांची) ठरली होती. परंतु हे लिहिताना एक उणीव खटकू लागली आहे: किरण दिसण्यासाठी वातावरणात धुके किंवा धूळ लागते आणि माझ्या तळ्यावर दोन्ही नाही, म्हणून किरण अधांतरी वाटतात. माझ्याकडे यंत्रमागाच्या एका जुन्या शेडचे छायाचित्र आहे. त्यात छपरातल्या पारदर्शक पत्र्यातून ऊन येते आणि हवेत सुताची तूस तरंगताना दिसते. नंदीध्वज थांबतील, आधी ही शेड घेतो. सूर्य चौकटीबाहेर असल्याने कॅनव्हास वरच्या बाजूने वाढवून केंद्र तिथे ठेवावे लागेल आणि मागांवर किरण चढू नयेत म्हणून प्रत्येक मागाचा मास्क (तेवढा भाग झाकणारा आडोसा) हाताने कापावा लागेल. माग सोळा आहेत.