नोंद ११ : प्लायनीच्या दोन बाटल्या

मागच्या नोंदीत प्लायनी द एल्डर या अमेरिकन बिअरला दहापैकी सहा देऊन "नाव मोठं, लक्षण खोटं" असं लिहून मोकळा झालो होतो. ते शब्द मागे घेतो. ती बाटली दुकानात फ्रिजबाहेर, खिडकीजवळच्या फळीवर उभी होती आणि मी तारीख न बघताच उचलली होती.

या वेळी थेट कॅलिफोर्नियातलं सँटा रोझा गाठलं. ही बिअर बनवणाऱ्या रशियन रिव्हरच्या पबमधून, पाचच दिवस आधी भरलेल्या दोन बाटल्या आणल्या. एक फ्रिजमध्ये ठेवली, दुसरी मुद्दाम स्वयंपाकघरातल्या कपाटात. सहा आठवड्यांनी, काल, ती दुसरीही गार केली आणि दोन्ही उघडल्या. बायकोने आत ओतून ग्लासांना अ आणि ब चिकटवलं, कुठला कुठल्या बाटलीचा ते मला न सांगता.

रंगावरून काही कळेना. दोन्ही लख्ख सोनेरी, फेस पांढरा. नाक लावलं आणि अ ग्लासाने उत्तर दिलं. मी वहीत 'पाइन, ग्रेपफ्रूट' लिहायला घेतलं, जे सगळेच लिहितात. बायको पीत नाही, पण वास घेऊन म्हणाली, "अरे, कैरीचं देठ मोडल्यावर चीक येतो ना, तो वास आहे हा." अगदी तोच! नंतर आठवलं, हॉप्समधलं (बिअरला कडूपणा आणि सुगंध देणारी फुलं) मिरसीन हे सुगंधी द्रव्य कैरीच्या वासातही असतं. सिम्को, सेंटेनियल वगैरे हॉप्सच्या जातींची नावं पाठ करून मला जे जमलं नव्हतं, ते तिने एका हुंगण्यात केलं. पाइन खोडलं.

फ्रिजमधून काढल्या काढल्या नुसता कडवटपणा लागतो. पंधरा मिनिटं थांबलो, १०-१२ अंशांवर पपनसाची साल आणि राळ उलगडली. कडूपणा धारदार, पण घोट गेला की जीभ कोरडी, स्वच्छ. ८ टक्के अल्कोहोल जाणवतच नाही. करताना डेक्स्ट्रोज साखर घालतात, ती यीस्ट जवळपास सगळी खाऊन टाकतं, म्हणून अंग हलकं राहतं.

ब मध्ये, म्हणजे कपाटातल्या बाटलीत, चीक गायब. मध, ओला पुठ्ठा आणि मागे एकटाच उरलेला कडूपणा, पाहुणे गेल्यावर रेंगाळणाऱ्या लांबच्या नातेवाइकासारखा. ऊब आणि बाटलीतला उरलासुरला ऑक्सिजन आधी सुगंधी तेलं खातात. कडूपणा त्यामानाने टिकतो, आणि सुगंध गेला की माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) गोडवा पुढे येतो. त्या पहिल्या बाटलीला मी 'जड, गोडसर' म्हणालो होतो, ते हेच. लेबलवर तर बजावलंय की गार ठेवा, ताजी प्या, मुरवायचंच तर चीज मुरवा. वाचतो कोण!

सुधारित गुण : अ ला साडेआठ (फेस लवकर बसला, ग्लास नीट धुतला नव्हता बहुतेक), ब ला पाच. ब ची उरलेली बेसिनमध्ये ओतली.