पाच पट्ट्यांची ग्रिल आणि हिरव्याचा प्रश्न

जुनी गाडी पुन्हा उभी करताना इंजिनाचे काम सर्वांत अवघड असते असे म्हणतात, पण इंजिनावरून घरात भांडणे होत नाहीत. ते चालते किंवा चालत नाही. भांडणे होतात ती रंगावरून आणि समोरच्या ग्रिलवरून, म्हणजे रेडिएटरपुढच्या जाळीवरून. आमच्या १९५१ सालच्या शेवरोले पिकअपचे पत्र्याचे काम शिवाजी उद्यमनगरात संपत आले आहे आणि घरातल्या प्रत्येकाने आपापल्या मनात तिला आधीच वेगवेगळा रंग देऊन टाकला आहे. माझे मत असे की रंग आणि ग्रिल हे दोन निर्णय वेगवेगळे घेताच येत नाहीत, आणि दोन्ही घेताना गाडीचे साल व तिने केलेले काम यांनाच प्रमाण मानावे.

कोल्हापुरात हे पटवणे जरा जड जाते. दसऱ्याला दसरा चौकात छत्रपतींची मेबॅक येते ती पाहत आमच्या पिढ्या वाढल्या, त्यामुळे जुनी गाडी म्हटली की आम्हाला आधी झळाळी आठवते. पण मेबॅक ही राजाची गाडी. आमची पिकअप गुळाच्या ढेपा वाहून बाजारात पोचवणारी. तिला दरबारी थाट चढवला, तर ती देखणी दिसेलही, पण ती आमची गाडी वाटणार नाही.

आधी ग्रिलचे पाहू. शेवरोलेने ही मालिका १९४७ मध्ये आणली आणि तिच्या तोंडावर पाच आडव्या पट्ट्या बसवल्या. हे तोंड १९५३ पर्यंत टिकले. १९५४ मध्ये पट्ट्या जाऊन मधोमध जाड आडवा दांडा असलेली ग्रिल आली, आणि त्याच वर्षी समोरची दुभागलेली काचही अखंड झाली. १९५५ च्या मध्यावर तर बॉडीच नवी आली आणि तिला चौकटी-चौकटींची जाळी मिळाली. फोर्डच्या एफ-१ पिकअपलाही १९५० पर्यंत आडव्या पट्ट्याच होत्या, पण १९५१ मध्ये त्यांच्या जागी तीन ठळक दात असलेली ग्रिल बसली. म्हणजे जाणकार माणूस गाडीचे तोंड पाहून साल सांगतो. आमच्या एका स्नेह्यांनी १९५४ ची ग्रिल मिळवून देण्याची तयारी दाखवली होती, कारण ती अधिक रुबाबदार दिसते. दिसते हे खरे. परंतु वरती दोन तुकड्यांची काच आणि खाली ५४ चा दांडा, हा जोड मला पाहवणार नाही. पाच पट्ट्या ठेवायच्या, हे त्यामुळे लवकर ठरले.

खरा पेच क्रोमचा होता. थोरल्या काकांचा आग्रह की पाचही पट्ट्या लखलखीत क्रोम करून घ्याव्यात, आणि मिस्त्रीही त्यांच्याच बाजूचे: ‘‘बाईमाणूस हाय, नाकात नथ नको व्हय?’’ या युक्तिवादापुढे बोलणे कठीण असले, तरी इतिहास माझ्या बाजूने आहे. या मालिकेत साध्या पिकअपची ग्रिल रंगवलेली असे आणि क्रोमसाठी जास्तीचे पैसे मोजावे लागत. त्यातच कोरियन युद्धाच्या काळात निकेलसारखे धातू युद्धसामग्रीकडे वळवले गेल्यामुळे ती सोयही आटली. त्यामुळे १९५१ च्या गाडीला रंगवलेली ग्रिल हीच तिच्या काळाची खूण आहे.

शिवाय क्रोमची चकाकी टिकते ती केवळ वरच्या अतिशय पातळ थरामुळे नव्हे, तर त्याखालच्या तांब्याच्या आणि निकेलच्या थरांमुळेही. सत्तर वर्षे गंज खाल्लेल्या पत्र्यावरचे खड्डे बफिंगने काढताना पत्रा आणखी पातळ होतो, आणि खालच्या थरांत कसर केली तर दोन पावसाळ्यांत फोड येतात. आमच्या भागातला पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना यापुढे सांगायला नको. काकांचे समाधान म्हणून पुढचा बंपर मात्र क्रोम होणार आहे. घरात शांतता नांदण्याचेही काही मोल असते.

आता रंग. गाडीचा मूळ रंग शोधायचा असेल, तर ऊन आणि हात पोचले नाहीत अशा जागा पाहाव्यात. या पिकअपची पेट्रोलची टाकी कॅबिनमध्ये सीटच्या मागे असते. तिच्या आडच्या पत्र्यावर पाणी लावून बारीक पॉलिश पेपर हळूहळू फिरवला, तेव्हा वरचा निळा, त्याखालचा लाल, आणि सर्वांत खाली गडद हिरवा असे थर एकामागोमाग उघडे पडले. हा हिरवा म्हणजे ‘फॉरेस्टर ग्रीन’, त्या वर्षांतल्या शेवरोले पिकअपचा नेहमीचा रंग.

हिरवा म्हटले की आपल्याकडे एक सावधगिरी लागते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२१ व्या नियमानुसार १ जुलै १९८९ पासून संरक्षण खात्याची वाहने वगळता कोणत्याही वाहनाला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येत नाही. जुन्या जीपच्या हौशी मंडळींना हे कळते तेव्हा फार वाईट वाटते. फॉरेस्टर ग्रीन गडद आणि थंड आहे, त्यात ऑलिव्हचा पिवळसर-मातकटपणा नाही. तरीही रंग मिसळणाऱ्याचा हात पिवळ्याकडे जरा जास्त गेला, तर नसती चौकशी मागे लागायची. शिवाय आरसी पुस्तकात रंगाची नोंद असते, त्यामुळे निळ्याचा हिरवा होताना आरटीओत ती बदलून घ्यावीच लागेल.

पुतण्याला मात्र दोन रंग हवे होते: हस्तिदंती आणि लाल. त्याची निवड वाईट नाही. १९५५ मध्ये शेवरोलेने ‘कॅमिओ कॅरिअर’ ही शौकीन पिकअप काढली तेव्हा ती पहिल्या वर्षी याच जोडीत मिळे, आणि त्या हस्तिदंती रंगाचे नाव होते ‘बॉम्बे आयव्हरी’. हे नाव ऐकून मीही क्षणभर विरघळलो. परंतु ती सपाट कडांची, सजवलेली गाडी. आमच्या फुगीर मडगार्डांवर तो पेहराव उसना वाटला असता.

रंगाच्या जातीविषयी थोडेसे. मेटॅलिक नको, हे उघडच आहे. वरून क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, मारला की जुन्या पत्र्यावर काचेसारखी चमक येते, म्हणून क्लिअर न लागणारा एकेरी पीयू (पॉलियुरेथेन) रंग घेत आहोत. एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगाची मऊ झाक मला अधिक आवडते, पण दमट हवेत तो मारला की त्यावर पांढुरकी साय धरते आणि पुढे पॉलिशची चाकरी संपत नाही. छटा ठरवताना वर्कशॉपच्या ट्यूबलाइटवर विसंबू नये. पत्र्याचे तुकडे रंगवून ते सकाळी, भर दुपारी आणि तिन्हीसांजेला अंगणात उभे करून पाहावेत. आमच्या तीन तुकड्यांपैकी एक दुपारी चक्क काळा दिसला, तो बाद झाला.

ग्रिलच्या पुढच्या पट्ट्या बॉडीच्याच हिरव्या रंगात जातील. त्यांच्या मागच्या आतल्या पट्ट्या मात्र फिकट दुधी ठेवण्याचा माझा विचार आहे, म्हणजे लांबून पाचही रेषा वेगळ्या दिसतील. सगळेच हिरवे केले तर तोंड एक सपाट पत्रा वाटेल. मिस्त्रींना दुधी पटलेला नाही, त्यांना चंदेरी हवा आहे. पाऊस उघडून हवा कोरडी झाली की स्प्रे गन सुरू होईल, तोवर दोन्ही रंगांच्या पट्ट्या वर्कशॉपच्या दारात शेजारी शेजारी टांगलेल्या आहेत, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण थांबून आपले मत देऊन जातो आहे.