दुसरी फेरी

कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोक्याची 43. जुलै 2021 मध्ये पाणी दोन्ही आकडे इतक्या झपाट्यानं मागं टाकत गेलं की आमची बचावाची बोट प्रयाग चिखली गावात पोचली तेव्हा गल्लीत छातीभर पाणी होतं.

नदीपेक्षा गल्लीत बोट चालवणं अवघड. उसाचं पाचट, जनावराचं दावं, केबलची वायर, काहीही पंख्यात अडकलं की बोट प्रवाहाच्या ताब्यात जाते. म्हणून इंजिन वर उचलायचं आणि वल्ही मारायची. पुढं एक जण बांबूनं तळ चाचपतो. खाली मोटरसायकल असते, तारेचं कुंपण असतं, आणि रबरी बोटीला एक खिळा पुरतो. घराला लावताना बोटीचं तोंड प्रवाहाकडंच हवं. आमचं हे चाललेलं असताना कोरड्यात उभे असलेले लोक मोबाईल धरून "इकडं बघा" म्हणून ओरडत होते. त्यांच्यावरचा माझा राग अजून जात नाही.

एका माडीवर सहा जण होते. आबा, त्यांचा मुलगा, सून, तीन नातवंडं. आबा सकाळी हललेच नव्हते. "2019 ला पाणी ह्या खुंटीपातूर आल्तं, वर न्हाई," हा त्यांचा हिशेब. आता खुंटी पाण्याखाली होती. पूररेषेच्या जुन्या खुणेवर एवढा भरवसा मी गावोगाव बघतो.

जागा आणि जॅकेटं पाचच उरली होती.

"आबास्नी मांडीवर घेतो की," मुलगा म्हणाला.

मी नाही म्हणालो. 8 ऑगस्ट 2019 ला सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला पूरग्रस्तांना नेताना उलटलेली बोट क्षमतेपेक्षा जास्त भरलेली होती, हे कृष्णाकाठी कुणाला सांगावं लागत नाही. मग तो म्हणाला, "मी थांबतो, आबास्नी न्या." त्यालाही मी नाहीच म्हणालो. धाकट्याच्या अंगात जॅकेट सैल, त्याला सतत धरून ठेवायला हवं. आमचे हात वल्ह्यावर, आणि सुनेच्या एकटीच्या हातात तीन पोरं कशी राहणार? आबाच म्हणाले, "पोरं न्या आधी."

दुसऱ्या फेरीला पोचलो तेव्हा अंधार पडत होता. पाणी जिन्याच्या वरच्या पायरीला, आबा पत्र्यावर. सुखरूप आणले.

मुलगा अजून माझ्याशी बोलत नाही. बापाला एकटं सोडायला लावलं, म्हणतो. लेकाला ठेवून आबांना नेलं असतं तर, हे मी अनेकदा मांडून बघितलं. दर वेळी त्या धाकट्यापाशी येऊन अडतो.