चिंक्वे तोर्रीला जाताय? ७० मीटरचा दोर आणि नट्स घेऊनच जा

"पाचही सुळक्यांवर बोल्ट आहेत. क्विकड्रॉ आणि ६० मीटरचा दोर न्या, बास!" निघण्यापूर्वी तिघांनी मला हेच सांगितलं. (बोल्ट म्हणजे कातळात कायमचे बसवलेले खिळे, क्विकड्रॉ म्हणजे त्यांत दोर अडकवायच्या जोडकड्या, आणि नट्स म्हणजे भेगेत अडकवून नंतर काढून घ्यायचे धातूचे तुकडे.) तिघांनीही जुन्या वाटांना हात लावलेला नसणार, हे आता खात्रीने सांगते.

चिंक्वे तोर्री म्हणजे इटलीतल्या डोलोमाइट्समध्ये, कोर्तिना द'आम्पेत्झोच्या वर फाल्झारेगो खिंडीच्या वाटेवर उभे असलेले सुळके. बाय दे दोनेसहून चेअरलिफ्टने २,२५५ मीटरवर गेलं की पायथा अगदी जवळ. सगळ्यात थोरला तोर्रे ग्रांदे, २,३६१ मीटर.

घोळ होतो तो श्रेणीमुळे, म्हणजे वाट किती अवघड ते सांगणाऱ्या आकड्यामुळे. नव्या स्पोर्ट रूटना फ्रेंच श्रेणी आहे, ५सी, ६ए वगैरे. तिथे बोल्ट हवे तिथे आहेत, डोळे मिटून जा. त्यांच्या शेजारीच जुन्या वाटा आहेत, रोमन आकड्यांच्या. आम्ही तोर्रे ग्रांदेवरची 'चार प्लस' (IV+) निवडली. मी आणि माझी भाची बदामीत ६ए लीड करतो, म्हणजे दोर घेऊन पुढे चढतो, तैलबैलाची भिंत केलेली आहे. चार प्लस म्हणजे गप्पा मारत जाऊ, असं वाटलं.

दुसऱ्या पिचला, म्हणजे दोराच्या दुसऱ्या टप्प्याला, मी लीडवर होते. बिलेला (थांबून जोडीदाराचा दोर सांभाळायची जागा) कातळात पक्की बसवलेली जाड कडी, त्यामुळे निर्धास्त निघाले. पाच मीटर झाले, आठ झाले, बोल्ट नाही. डावीकडे एक गंजका पिटॉन (भेगेत ठोकलेली लोखंडी खुंटी) दिसला, त्यात क्लिप केलं. पुढे पुन्हा सगळा रिकामा कातळ. आणि होल्ड असे, की जुन्या देवळाची पायरी बरी! पिवळट, चकचकीत, बोटाखाली साबणासारखे. कोर्तिनाच्या आरोहकांची 'स्कोइयात्तोली' म्हणजे खारींची संघटना १९३९ सालची. १९५४ मध्ये के२ वर पहिलं पाऊल ठेवणाऱ्या दोघांतला लिनो लाचेदेल्ली त्यांच्यातलाच. इतक्या पिढ्यांचे बूट ज्या पायऱ्यांवर घासले, त्या गुळगुळीत होणारच. आपला बेसाल्ट झिजला तरी थोडा खरखरीत राहतो, हा दगड मात्र संगमरवरासारखा होतो. उजवा पाय दोनदा सटकला. शेवटचं क्लिप दहा-बारा मीटर खाली होतं. नाकासमोर सरळ उभी भेग, नट अगदी चपखल बसला असता. आमचे नट्स पुण्यात कपाटात होते.

तेव्हा माझं ऐका. रोमन आकडा दिसला की नट्सचा सेट, तीन-चार फ्रेंड (भेगेत पसरून घट्ट बसणारी साधनं) आणि १२० सेंटिमीटरच्या स्लिंग (पट्ट्यांचे फास) न्याच. या दगडात आरपार भोकं असतात, त्यांत स्लिंग ओवून छान अँकर होतो. जुन्या वाटांवर तुम्हाला फ्रेंच ६ए येतं की नाही याला काही अर्थ नाही. हेल्मेट पायथ्याशीही काढू नका. इथला तोर्रे ट्रेफोर नावाचा अख्खा सुळका २००४ साली कोसळला, त्याचा ढिगारा अजून समोर पडलेला आहे.

दोराचं तर आणखी वाईट. दुसऱ्या दिवशी एका स्पोर्ट रूटवरून भाची मला खाली सोडत होती. जमीन दोन पुरुष राहिली आणि खालून ओरड आली, "मावशी, थांब! दोर संपला!" टोकाची गाठ तिच्या बिले डिव्हाइसला (दोर आवळून धरायचं साधन) येऊन अडकली होती. ती गाठ सकाळी तिने मारली होती, मी "कशाला वेळ घालवतेस" म्हणाले होते. मी जवळच्या बोल्टला स्वतःला अडकवलं, तिने उतारावर चार पावलं वर येऊन दोर दिला, तेव्हा खाली पोचले. ७० मीटरचाच दोर न्या आणि टोकाला गाठ मारल्याशिवाय कुणालाही वर पाठवू नका.

टॅक्सीबद्दलही सांगायलाच हवं. त्याच संध्याकाळी शेवटची चेअरलिफ्ट चुकली, चालत रस्त्यावर आलो तर बसही गेलेली. टॅक्सीवाल्याने कोर्तिनापर्यंत ६० युरो घेतले. जेमतेम वीस मिनिटांचा रस्ता! ही लूट आहे, दुसरा शब्द नाही. परतीच्या बसचं वेळापत्रक सकाळी उतरतानाच थांब्यावर पाहून फोटो काढून ठेवा, घड्याळात अलार्म लावा. तसंही दुपारनंतर ढग जमतात, आणि लोखंड लटकवून सुळक्यावर विजेत सापडायचं नसेल तर दोनपर्यंत खाली या. सावलीतल्या भिंतीवर ऑगस्टमध्येही बोटं बधिर होतात, फ्लीस लागतं.

तिसरा दिवस तळ्याकाठी गेला. चौथ्या दिवशी कोर्तिनात नट्सचा सेट विकत घेतला आणि तीच चार प्लस पुन्हा केली. त्या पिचला पाच नट बसले. माथ्यावर भाचीने मिठी मारली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी होतं.