खासदारांची खतावणी: कोऱ्या रकान्यांचा ताळा

मखराचे पुठ्ठे माळ्यावर टाकले, हात धुतले आणि लॅपटॉप उघडला. २०२५ चं पावसाळी अधिवेशन २१ ऑगस्टलाच संपलं होतं, पण २७ ला गणपती. त्या दिवसांत घरात संसदेचा विषय काढायची सोय नव्हती. म्हणून या खेपेच्या नोंदी उशिरा.

नव्याने आलेल्यांसाठी दोन ओळी. दिवसा मी एका सीएच्या ऑफिसात लोकांची खाती जुळवतो आणि रात्री आमच्या खासदारांचं. जून २०२४ मध्ये अठरावी लोकसभा बसली तेव्हापासून हा नाद लागला. दोन शीट आहेत. एकीचं नाव रोजकीर्द: ज्या दिवशी जे सापडलं ते तारखेनिशी, जसंच्या तसं. दुसरी खतावणी: त्यातून मतं, भाषणं, प्रश्न आणि समिती अशी चार खाती. खासदारांचं नाव आणि मतदारसंघ मुद्दाम लिहीत नाही. एकदा लिहिला होता, तर पद्धतीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही, सगळी गाडी ‘तुम्ही नक्की कुठल्या पक्षाचे’ यावर जाऊन थांबली.

या खेपेला नवीन भरणा कमी, दुरुस्त्याच जास्त. वर्षभर मी कोऱ्या रकान्यात बिनदिक्कत शून्य टाकत होतो. नोंद नसणं वेगळं आणि रक्कम शून्य असणं वेगळं, हे ऑफिसात नव्या पोरांना मीच शिकवतो, आणि घरी येऊन स्वतःच तीच चूक. आता सगळी शून्यं पुसली आणि एकेक रकाना का कोरा आहे ते शोधत बसलो.

सगळ्यात जास्त कोरं निघालं मतांचं खातं. लोकसभेत बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर होतात. अध्यक्ष विचारतात, दोन्हीकडून आवाज येतात, कौल दिला जातो. कुणी काय म्हटलं याची नावानिशी नोंद कुठेच राहत नाही. २० ऑगस्टला ऑनलाइन गेमिंगचं विधेयक असंच गोंधळात, काही मिनिटांत पार पडलं. साहेब (म्हणजे आमचे खासदार) तेव्हा बाकावर होते की फलक घेऊन पुढच्या मोकळ्या जागेत, ते कागदावरून कळणार नाही. नाव सापडतं ते मतविभागणी झाली, म्हणजे एकेकाचं मत मोजलं गेलं, तरच. घटनादुरुस्तीला ती लागतेच, एरवी कुणीतरी मागावी लागते.

२ एप्रिल २०२५ ची बैठक ज्यांनी तपासली नसेल त्यांनी जरूर तपासा, सरावाला फार चांगली आहे. वक्फ दुरुस्ती विधेयकावर मतविभागणी झाली, बाजूने २८८, विरोधात २३२, आणि प्रत्येकाचं नाव यादीत. त्यानंतर त्याच रात्री मणिपूरमधल्या राष्ट्रपती राजवटीचा ठराव आला आणि आवाजी मतदानाने संमत झाला. एकाच बैठकीतल्या लागोपाठच्या दोन ओळी. एकीत मत आहे, दुसरीत नुसतं ‘आ’. (आवाजीसाठी आता हे अक्षर ठरवलंय.) शिवाय तारखेची गंमत वेगळीच. मतं पडली तेव्हा घड्याळाने ३ तारीख लावली होती, पण बैठक २ ची असल्यामुळे सगळं २ तारखेखाली छापलेलं. मी ३ एप्रिलच्या कामकाजात संध्याकाळभर नाव शोधत होतो आणि साहेबांना गैरहजर ठरवायच्या बेतात होतो.

आकड्यांची आवड असणाऱ्यांसाठी १७ डिसेंबर २०२४. ‘एक देश एक निवडणूक’ची विधेयकं मांडू द्यायची की नाही यावर मतविभागणी झाली. यंत्राने आधी दाखवलं २२० विरुद्ध १४९. चिठ्ठ्यांवर दिलेली मतं मोजून झाल्यावर अंतिम आकडा २६९ विरुद्ध १९८. वजाबाकी करून बघा: दोन्ही बाजूंना बरोबर ४९ ची भर. मला वाटलं माझीच बेरीज चुकली, कॅल्क्युलेटर घेऊन पुन्हा केली. यातून शिकलो ते असं की फलकावरचा पहिला आकडा रोजकीर्दीतही घ्यायचा नाही. छापील यादीच्या खाली, चिठ्ठीने मत नोंदवणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या सदस्यांची वेगळी टीप असते. ती वाचल्याशिवाय खतावणी नाही. आणि यादीत आडनाव आधी असतं, तेव्हा शोधताना नाव उलटं टाका.

एवढं करून मत मिळालं, तरी ते साहेबांचं किती आणि पक्षाचं किती? १९८५ मध्ये पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची आली तेव्हापासून व्हिप (पक्षाचा आदेश) मोडला तर खासदारकी जाऊ शकते. व्हिप असताना तटस्थ राहिलं तरी तोच धोका. त्यामुळे पक्षासारखंच मत दिसलं की मी नुसती टिकमार्क करतो आणि पुढे जातो. आमच्याकडे आतापर्यंत टिकमार्कच आहेत.

हजेरीबद्दल फार लिहीत नाही. तो टक्का सगळ्यांना आवडतो, वर्तमानपत्रांनाही, पण ती शेवटी नुसती हजेरीची नोंद आहे. नोंद केली की दिवसाचा भत्ता लागू होतो (सध्या २,५०० रुपये). आत किती वेळ बसले ते ती नोंद सांगत नाही. मंत्री ही नोंद करतच नाहीत, म्हणून गडकरी किंवा गोयल यांच्या हजेरीचा रकाना कोरा दिसला तर बोंब मारू नका, तिथे ‘मं’. सरावासाठी मागच्या लोकसभेतले काही खासदार भरून पाहिले तेव्हा आणखी एक अक्षर लागलं, ‘नि’. डिसेंबर २०२३ मध्ये लोकसभेचे १०० सदस्य निलंबित झाले, त्यात सुप्रिया सुळे आणि अमोल कोल्हेही होते. त्या दिवसांचा कोरेपणा म्हणजे दांडी नव्हे.

आता भाषणं, आणि इथे मला माझी फजिती सांगायची आहे.

छापील कामकाजात जागोजागी चांदणी (*) असते. गोंधळ चालू असताना तीन टिंबं आणि पुढे चांदणी, खाली टीप: नोंदवून घेतलं नाही. हे एकदा कळल्यावर मला वाटलं, चांदणी म्हणजे शब्द काढून टाकले. हिवाळी अधिवेशनातल्या साहेबांच्या एका भाषणाच्या सुरुवातीला चांदणी होती आणि शेवटालाही. म्हणजे अख्खं भाषण उडवलं! मी कट्ट्यावर जाऊन जाहीर केलं. कट्ट्यावरचे काका रोज चार पेपर वाचतात. त्यांनी ते पुढे आणखी चार जणांना सांगितलं. आठवड्याने ते पान मोठं करून पाहिलं, तर खाली बारीक अक्षरात टीप होती: मूळ मराठीत केलेल्या भाषणाचा इंग्रजी अनुवाद. साहेब मराठीत बोलले होते, इतकाच अर्थ.

तिसरी चांदणीही आहे. नियम ३७७ खालचे विषय (खासदार सरकारच्या कानावर घालतात ते प्रश्न) बऱ्याचदा वाचून न दाखवता नुसते पटलावर ठेवतात. छापून येतात ते भाषणासारखेच, वर नावबिव असतं, आणि चांदणीची टीप सांगते की हे पटलावर ठेवलेलं आहे. माझ्या खात्यात अशी बरीच ‘भाषणं’ घुसली होती जी कुणी ऐकलीच नाहीत. ती सगळी वेगळ्या रकान्यात काढली. काम म्हणून त्यांना किंमत आहेच, कारण मंत्रालयाकडून उत्तर अपेक्षित असतं. पण बोलणं ते बोलणं.

शोधण्याबद्दल एक गोष्ट महाराष्ट्राच्या मंडळींनी पाठच करावी. हिंदीतलं कामकाज देवनागरीत असतं म्हणून आपण खुशाल मराठी नाव टाकतो आणि काही सापडत नाही. हिंदीत ‘ळ’ नाही! जळगाव तिथे ‘जलगांव’ होतं, धुळे ‘धुले’, यवतमाळ ‘यवतमाल’. त्यात जुन्या फॉन्टच्या पीडीएफमधून मजकूर उचलला की ऱ्हस्व वेलांटी एक घर सरकते, मग ‘शिंदे’ शोधून शिंदे मिळत नाहीत. आणि खासदार हिंदीत बोलले तर नाव देवनागरीत, इंग्रजीत बोलले तर रोमनमध्ये. मी आता प्रत्येक नावाचे पाच-सहा अवतार एका चिठ्ठीवर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवलेत. बायको त्याला नामावली म्हणते.

प्रश्नांच्या खात्यात या खेपेला निराशा. पावसाळी अधिवेशनात लोकसभेचं कामकाज ठरलेल्या १२० तासांपैकी ३७ तास झालं, हे समारोपाला अध्यक्षांनीच सांगितलं. यादीत ४१९ तारांकित प्रश्न होते, तोंडी उत्तर मिळालं ५५ ना. बाकीच्यांची उत्तरं लेखी आली, पण उपप्रश्न विचारायची संधी गेली आणि तारांकितची खरी गंमत त्या उपप्रश्नातच असते. साहेबांचा एक प्रश्न यादीत खाली लागला होता. तास सुरू होऊन तहकूब झाला. तो रकाना मी ‘विचारला’ म्हणूनही धरत नाही आणि ‘नाही’ म्हणूनही. अतारांकितमध्ये (ज्यांना फक्त लेखी उत्तर मिळतं) वेगळी भानगड: सारख्याच आशयाचे प्रश्न एकत्र करतात आणि वर चार-पाच नावं छापतात. प्रत्येकाच्या खात्यात तो एकेक प्रश्न जमा होतो. शब्दन् शब्द तोच असेल तर लिहिणारा हात एकच असावा, असं आपलं मला वाटतं. माझ्याकडे अशा जोडनावांची वेगळी यादी तयार होते आहे.

उत्तरांत मात्र एक रत्न दडलेलं असतं. मंत्री ‘बाब विचाराधीन आहे’ असं म्हणाले की ते आश्वासन धरलं जाऊ शकतं, आणि धरलं गेलं की ते तीन महिन्यांत पुरं करायचं असतं. त्यासाठी सभागृहाची वेगळी समिती आहे, १९५३ पासूनची. आमच्याकडच्या एका पुलाच्या प्रश्नाला असं उत्तर आलं, तेव्हा त्या ओळीला पिवळा रंग दिला आणि पुढे तारीख टाकली. तारीख उलटून गेली. रंग तसाच आहे.

आता माझं लाडकं खातं, समिती. विभागांशी संलग्न स्थायी समित्या १९९३ मध्ये सुरू झाल्या तेव्हा १७ होत्या, २००४ मध्ये २४ झाल्या. प्रत्येकीत ३१ सदस्य, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे. मंत्र्यांना प्रवेश नाही. बैठका बंद दाराआड, कॅमेरा नाही, त्यामुळे मी पहिले सहा महिने हे खातं कोरंच ठेवलं होतं. मग मार्चमध्ये अनुदानाच्या मागण्यांचे अहवाल आले आणि एक अहवाल चुकून शेवटून उघडला.

शेवटी परिशिष्टात बैठकीचं इतिवृत्त असतं. वेळ, खोली, मग ‘उपस्थित’: अध्यक्ष, लोकसभेचे सदस्य, राज्यसभेचे सदस्य, सचिवालय, आणि मग मंत्रालयाचे अधिकारी साक्षीदार म्हणून. अनुपस्थितांची यादी नसते, ती आपण काढायची: अहवालाच्या सुरुवातीला समितीची रचना असते, त्यातून ही नावं वजा करा. साहेबांचं नाव अधिकाऱ्यांच्या साक्षीच्या बैठकीत होतं. अहवाल स्वीकारायच्या बैठकीत नव्हतं. ती बैठक बऱ्याचदा छोटी आणि औपचारिक असते, पण मसुद्यात बदल सुचवायचा तर तीच वेळ. टीव्हीवर ज्या खासदारांना मी कधी पाहिलं नाही, अशा दोघांची नावं मात्र दोन्ही यादीत निघाली.

इतिवृत्ताची भाषा सरकारी आणि आटोपशीर. सदस्यांनी शंका विचारल्या, सचिवांनी निरसन केलं, साक्षीदार निघून गेले, शब्दशः नोंद ठेवली आहे. कुठल्या सदस्याने कुठली शंका विचारली? गप्प. म्हणजे बसले होते हे कळतं, बोलले का ते नाही. हजेरीच्या नोंदीपेक्षा तरी मला ही ओळ जास्त भरवशाची वाटते. तीस-एक जणांच्या खोलीत सही करून सटकणं अवघड. संयुक्त समित्यांत कधीकधी पडदा थोडा सरकतो. वक्फच्या समितीत सत्ताधारी बाजूच्या दुरुस्त्या १६ विरुद्ध १० मतांनी मंजूर झाल्याचं बाहेर आलं, आणि तिथे अरविंद सावंत आणि नरेश म्हस्के दोघेही सदस्य होते, अगदी समोरासमोरच्या पक्षांचे. स्थायी समितीत मात्र सहसा एकमतावर भर असतो.

अजून एक सवय लावून घ्या. समितीच्या शिफारशींवर सरकारने काय केलं याचा वेगळा अहवाल येतो, पाच प्रकरणांचा. मी थेट चौथं उघडतो, सरकारचं उत्तर समितीने स्वीकारलेलं नाही त्या शिफारशींचं. बहुतेक वेळा ते पान दोन ओळींचं असतं, पण भरलेलं असलं की चहा गार होतो.

मी ज्या समित्या तपासल्या त्या २६ सप्टेंबर २०२४ ला नेमल्या गेल्या होत्या, मुदत वर्षाची होती. ज्या बैठका झाल्या पण अहवाल आलेला नाही, त्यांच्यापुढे ‘ये’ लिहिलंय, येणे बाकी. शून्य आता अख्ख्या खतावणीत एकाच ठिकाणी राहिलं आहे: खासगी विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने स्वतः मांडलेलं. तिथे खरोखरच शून्य आहे.

काकांना चांदणीची दुरुस्ती सांगायला गेलो. ते म्हणाले, “अरे, मराठीत बोलले ना? मग बोलले काय ते सांग की.” मी मोबाईलवर पान उघडलं, तर माझ्याकडे नुसतं इंग्रजी. साहेबांचे मूळ शब्द त्या कागदावर नव्हतेच. घरी येऊन सभागृहाचं चित्रीकरण शोधलं, कानाला इअरफोन लावले आणि थांबवत थांबवत टाइप करत गेलो. दोन मिनिटांचं भाषण, दीड तास लागला. मध्ये एक शब्द बाकांवरच्या आरडाओरड्यात बुडालाय. इंग्रजीत तिथे ‘धरण’ आहे, मला ‘बंधारा’ ऐकू येतो. तेवढा रकाना सोडून ठेवला आहे, काकांना ऐकवून भरेन.