ऊसतोडीहून आलेल्या भाचीचं सहावीचं अ‍ॅडमिशन - माझा अनुभव

भाचीचं सहावीचं अ‍ॅडमिशन यंदा आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत झालं, ते कसं झालं ते सगळं लिहायलेय. कारण आपल्या बीड जिल्ह्यात कितीतरी लेकरं दरवर्षी इथंच अडकतात आणि पाचवीनंतर घरी बसतात, मी आशा म्हणजे गावातली आरोग्य कार्यकर्ती म्हणून घरोघर फिरते त्यामुळं मला ते रोज दिसतं.

भाऊ-वहिनी दरवर्षी कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला जातात. मागच्या साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका कारखान्यावर होते आणि पोरगी सोबत होती. पाचवी वस्तीवरच्या शाळेत सुरू झालेली, जाताना तिथल्या बाईंनी शिक्षण हमी पत्रक दिलं, ते बघून तिकडच्या शाळेनं तिला बसवून घेतलं आणि ऑनलाईनलापण तिचं नाव तिकडं ओढून घेतलं. चांगलंच केलं त्यांनी, नाहीतर चार महिने ती कोपीवर (तोडीवरच्या झोपडीत) धाकट्याला सांभाळत बसली असती. पण मार्चमधे पट्टा पडला (कारखान्याचा हंगाम संपला), मजुरांची टोळी माघारी आली आणि पोरगी इकडं तर नाव तिकडंच राहिलं. वस्तीवरची शाळा पाचवीपर्यंतच, आमच्या गावची पहिली ते आठवी, म्हणून मी म्हणलं हिला माझ्याकडं ठेवते, इथंच सहावीला घालू.

१६ जूनला शाळा उघडली तशी तिला घेऊन गेले. मुख्याध्यापक सर वाईट माणूस नाहीत, पण म्हणाले, "ताई, लेकराला कोण नाही म्हणतंय, पण आधी टीसी (शाळा सोडल्याचा दाखला) आणा. ऑनलाईनला नाव दुसरीकडं दिसायलंय, उद्या नाव दोन शाळांत दुबार निघालं तर उत्तर मला द्यावं लागतं." त्यांची अडचणपण खोटी नाही, संच मान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक द्यायचे ते, पटावर ठरतं, पटात आधार जुळलेली लेकरंच धरतात आणि एक-दोन लेकरांनी शिक्षकाची जागा जाते असं झालेलं आहे आजूबाजूला. पण टीसी आणायला कोल्हापूरला कोण जाणार, भावाकडं पेरणीचं बी आणायला पैसे नव्हते तेव्हा.

मला आमच्या अंगणवाडीच्या मॅडमनी सांगितलं होतं म्हणून मी सरांना सरळच म्हणलं, की सर, शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे, त्याच्या कलम ५ मधे लिहिलंय की दुसऱ्या शाळेत जायचं तर टीसी यायला उशीर झाला म्हणून प्रवेश थांबवता येत नाही आणि नाकारतापण येत नाही. कलम १४ मधे तर जन्माचा पुरावा नाही म्हणूनसुद्धा नाकारता येत नाही असं आहे. सहा ते चौदा वर्षांचं लेकरू आहे, आधी वर्गात बसू द्या, कागद मी आणून देते. आवाज चढवला नाही मी, भांडायचं नव्हतंच, तिला आठवीपर्यंत त्याच सरांसमोर राहायचंय. सरांनी थोडा वेळ विचार केला, मग केंद्रप्रमुखांना (आजूबाजूच्या शाळांवर देखरेख करणारे अधिकारी) फोन लावला, तिकडून होकार आला आणि माझ्याकडून एक साधा अर्ज लिहून घेऊन तिला त्याच दिवशी सहावीत बसवलं. पुस्तकंपण मिळाली, दुपारी खिचडी खाऊन घरी आली. एक रुपया लागला नाही, कुणी मागितलापण नाही.

पुढचं काम ऑनलाईनचं, ते नीट समजून घ्या कारण बहुतेकांचं इथंच अडतं. दोन ठिकाणी नाव असतं, एक आपल्या राज्याचं सरल पोर्टल आणि दुसरं केंद्राचं यूडायस प्लस. सरलवर नवी शाळा रिक्वेस्ट टाकते आणि जुन्या शाळेनं ती मंजूर केली की नाव इकडं येतं. यूडायसवर जुन्या शाळेनं लेकराला ड्रॉपबॉक्समधे टाकावं लागतं, मग नवी शाळा पेन नंबर आणि जन्मतारीख टाकून उचलून घेते. हा पेन म्हणजे लेकराचा कायमचा ११ आकडी नंबर, शाळा कितीबी बदलल्या तरी तोच राहतो. आमच्याकडं तो लिहिलेलाच नव्हता कुठं. भावाच्या मुकादमाकडून (टोळी नेणारा ठेकेदार) तिकडच्या एका बापूचा नंबर मिळाला, बापूनी शाळेच्या सरांचा दिला, मी फोन केला तर सर म्हणाले, "अहो, ती पोरगी का! पाढे पाठ होते बघा तिचे, पाठवतो, काळजी करू नका." आणि खरंच टीसी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली, मूळ प्रत पोस्टानं धाडली, पेन नंबरपण दिला आणि रिक्वेस्ट मंजूर केली. त्या सरांना मी अजून बघितलेलं नाही पण त्यांचे उपकार आहेत.

मग आधार. शाळेच्या रजिस्टरला जन्मतारीख १ जून, आधारला १ जानेवारी आणि ग्रामपंचायतीच्या जन्मदाखल्यावर ऑगस्टातली. आपल्याकडं अर्ध्या वर्गाचा जन्म १ जूनलाच झालेला असतो, नाव घालताना तारीख सांगणारं कुणी नसलं की तीच पडते. हिची खरी तारीख मला पक्की माहीत, वहिनीला बाळंतपणाला आरोग्य केंद्रात मीच नेलं होतं. आधारवरची जन्मतारीख एकदाच दुरुस्त होते, म्हणून दाखला हातात असल्याशिवाय सेंटरला जाऊ नका, कुणी घाई केली तरी. तालुक्याला आधार सेंटरवर कधी लाईट नाही, कधी मशीन बोटं घेईना, ऊस सोललेल्या हाताची लेकरं ही, बोटं झिजलेली असतात. शेवटी झालं. रजिस्टरातली तारीख बदलायला मात्र वरून मंजुरी लागते, तो प्रस्ताव सरांनी पाठवलाय.

हे सगळं चालू असताना भावाचं एकच म्हणणं, "आक्का, पोरगी मोठी व्हायली, तिकडं सोबत असली की डोळ्यापुढं असती. शाळेत, रस्त्यात काय झालं तर?" यात मला राग आला नाही त्याचा. ऑगस्ट २०२४ मधे बदलापूरच्या शाळेत चिमुकल्या पोरींवर अत्याचार झाला ते आमच्या वस्तीवरसुद्धा सगळ्यांनी मोबाईलवर बघितलं होतं. आणि अशी भीती वाटली की आपल्याकडं एकच उपाय काढतात, शाळा बंद करायची आणि स्थळ बघायचं. एनएफएचएस-५ (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी) च्या २०१९-२१ च्या आकड्यांत बीड जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या बायांमधे ४३.७ टक्के बायांची लग्नं अठराच्या आत झालेली निघाली, राज्याचा आकडा २१.९ होता. कोपीवर एकटी पोर ठेवून ऊस तोडायला जाणं हे सुरक्षित कसं, हे मी भावाला विचारलं, तर त्याच्याकडं उत्तर नव्हतं, पण शाळा सुरक्षित आहे हे मला दाखवून द्यावंच लागणार होतं.

म्हणून मी शाळा बघायला गेले, नीट, एक-एक खोली. ऑफिसातल्या फलकावर पट लिहिलेला असतो, वर्गवार, मुलं-मुली, अनुसूचित जाती, विमुक्त-भटके, इतर मागास, अल्पसंख्याक असे रकाने. सहावी ते आठवीत मुली मुलांपेक्षा जास्त दिसल्या, कारण ज्याला थोडं परवडतं तो पोराला व्हॅन लावून इंग्लिश स्कूलला पाठवतो आणि पोरीला गावात ठेवतो. बंजारा तांड्यावरची लेकरं बरीच, घरी त्यांची गोरमाटी बोली बोलणारी. ऊसतोडीवाल्यांचा मात्र वेगळा रकानाच नाही, दिवाळीनंतर कोण जाणार हे त्या फलकावरून कळतच नाही, आणि माझ्या मते सगळ्यात गरजेचा रकाना तोच आहे.

दोन खोल्या निजामाच्या काळातल्या, दगडी, वर पत्रे. एक बंद ठेवलीय, पण लेकरं तिच्या सावलीत खेळत होती, तिथं काटेरी फांद्या टाकून घ्या म्हणलं. मुलींच्या संडासाला आतून कडी नव्हती. ही छोटी गोष्ट वाटते पण वयात येणाऱ्या पोरी दिवसभर पाणी पित नाहीत त्यापायी, पाळी आली की चार-चार दिवस येत नाहीत, हे मी आशा म्हणून सांगते. तक्रारपेटी होती, कुलूप गंजलेलं. पोरींच्या सुरक्षेसाठीच्या सखी सावित्री समितीचा बोर्ड होता, नावं होती, पण त्यातल्या एका बाईला मी भेटले तर तिला माहीतच नव्हतं आपण समितीत आहोत म्हणून. बदलापूरनंतर २१ ऑगस्ट २०२४ चा शासन निर्णय आला, त्यात सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची पोलिसांकडून पडताळणी, तक्रारपेटी, ही समिती, सगळं आहे. बोर्ड त्यावेळीच रंगवला असणार.

पालक सभेत मी हे सगळं बोलले. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या बाया असाव्या लागतात, बाया येत नाहीत म्हणून नवऱ्यांची सही चालते असं ठिकठिकाणी झालंय. आम्ही पाच-सहाजणी ठरवून गेलो आणि बोललो, मलापण पालक म्हणून समितीत घेतलं. कडी दुसऱ्याच आठवड्यात बसली, ग्रामपंचायतीनं नळ जोडून दिला. पेटीचं कुलूप बदललं, आता ती आठवड्याला बाईंच्या आणि दोन पालकांच्या समोर उघडतो. पहिल्यांदा उघडली तर आत एकच चिठ्ठी, फाट्यावर बसमधून उतरलं की टपरीवरची पोरं काहीबाही बोलतात. नाव नव्हतं. सरपंच, पोलीस पाटील आणि सर तिघं टपरीवाल्याकडं गेले, आता संध्याकाळी बसच्या वेळेला एक शिक्षक फाट्यापर्यंत येतात आणि पोरी घोळक्यानंच चालतात. पोरींना एसटीचा पास फुकट आहे अहिल्याबाई होळकर योजनेतून, पण बस उशिरा आली की पास असून काय, म्हणून डेपोला वेळेचा अर्जपण दिलाय. लेकरांच्या मदतीचा १०९८ हेल्पलाईन नंबर प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर लिहून घेतला, पोरींकडून पाठ करून घेतला.

भावाला एक दिवस शाळेत घेऊन गेले, बाईंनी त्याला खुर्ची दिली, पेटी दाखवली, फाट्यापर्यंत कोण येतं ते सांगितलं. तो काही बोलला नाही तिथं, पण यंदा उचल (तोडीचे आगाऊ पैसे) घेताना मुकादमाला म्हणाला पोरगी येणार नाही, आम्ही दोघंच.

अजून सीसीटीव्हीचा एक कॅमेरा बंद आहे, दुरुस्तीचा ठराव दिलाय. ज्यांच्याकडं माझ्यासारखी आत्या-आजी नाही त्या लेकरांसाठी हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव टोळ्या हलायच्या आत पाठवायचाय, समितीची त्यासाठी बैठक लावलीय. तुमच्याकडं कुणी यंदा लेकरं घेऊन जाणार असेल तर जाण्याआधी शाळेतून हमी पत्रक घ्या, पेन नंबर एका कागदावर लिहून त्याचा फोटो मोबाईलमधे ठेवा, जन्मदाखल्याची झेरॉक्स सोबत असू द्या, आणि माघारी येताना तिकडच्या मुख्याध्यापकांचा फोन नंबर घेतल्याशिवाय गाडीत बसू नका.